देपोर्तने स्वतःला शिकारी म्हणून का रंगवले?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अलेक्झांद्र-फ्रान्स्वा देपोर्त या फ्रेंच चित्रकाराचे १६९९ सालचे एक आत्मचित्र आहे. त्यात तो झाडाच्या बुंध्याशी बंदूक घेऊन बसला आहे, जवळ शिकारी कुत्रे आहेत आणि पुढ्यात मारलेली पाखरे व ससा पडलेला आहे. रंगांची पाटी नाही, कुंचला नाही, चित्रफलकही नाही. चित्रकाराने स्वतःची ओळख अशी का करून द्यावी? तो खरोखर शिकार करत असे, की ही नुसती बडेजाव मिरवण्याची हौस होती?

व्यक्तिचित्रे रंगवण्यात आणि ती रंगवायला शिकवण्यात माझी तीसेक वर्षे गेली आहेत; त्या अनुभवावरून सांगायचे तर या चित्रात बडेजाव आहेच, मात्र तो बंदुकीत शोधणाऱ्याला सापडत नाही. तो सशाच्या लवेत आणि पाखरांच्या पिसांत आहे. हे नीट कळण्यासाठी त्या काळी फ्रान्समध्ये शिकार कोण करू शकत असे आणि चित्रकाराला समाजात कोणती जागा होती, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

आधी शिकारीचे पाहू. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, १६६९ साली, वने आणि जलाशय यांच्यासंबंधीचा राजाचा एक मोठा फतवा निघाला. त्यातले एक सबंध प्रकरण शिकारीवर आहे. व्यापारी, कारागीर, शहरांतले रहिवासी, शेतकरी, थोडक्यात ज्याच्याकडे सरंजामी वतन नाही अशा कोणत्याही सामान्य कुळातल्या माणसाने कोणत्याही प्रकारची शिकार करू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पहिल्या गुन्ह्याला शंभर लिव्र दंड, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या वेळी बाजाराच्या दिवशी तीन तास गळ्यात लोखंडी कडे अडकवून चारचौघांत उभे करायचे व तीन वर्षे त्या मुलखातून हद्दपार करायचे, अशी शिक्षांची चढती भाजणी होती. ससा मारणे हा केवळ जेवणाचा किंवा खेळाचा विषय नव्हता. ससा कोणी मारला यावरून माणूस कोणत्या पायरीवरचा आहे हे ठरत असे. हा हक्क लोकांच्या डोळ्यांत इतका सलत होता की १७८९ च्या ऑगस्टमध्ये सरंजामी अधिकार मोडीत निघाले, तेव्हा शिकारीचा खास हक्क रद्द करण्यासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले.

आपल्या भाषेला हे नवीन वाटण्याचे कारण नाही. शिकार आणि पारध हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण राजाने केली की ती मर्दुमकी आणि पारध्याने केली की तो गुन्हा, हा भेद आपल्याकडेही होता. संस्थानिकांच्या वाड्यांत मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेले फोटो चौकटीत लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्या पारध्यांची नोंद इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातींच्या यादीत झाली.

आता देपोर्त कोण होता ते पाहू. त्याचा जन्म १६६१ चा, शांपान्य प्रांतातल्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातला. बाराव्या वर्षाच्या सुमारास तो पॅरिसला नातलगाकडे आला आणि निकासियस बर्नार्ट्स नावाच्या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातल्या, चित्रकाराच्या हाताखाली राहिला. हा बर्नार्ट्स अँटवर्पच्या फ्रान्स स्नायडर्स या चित्रकाराचा शिष्य. म्हणजे मारलेली जनावरे, फळांच्या राशी आणि झुंजणारे कुत्रे रंगवण्याची जी भरघोस फ्लेमिश परंपरा होती, ती देपोर्तला एका पिढीच्या अंतराने थेट हातात मिळाली. पुढे १६९५ मध्ये तो पोलंडला गेला आणि राजा यान सोबिएस्कीच्या दरबारात त्याने व्यक्तिचित्रे रंगवली. १६९६ मध्ये तो राजा वारला आणि देपोर्त फ्रान्सला परतला. तीन वर्षांनी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, चित्र आणि शिल्प यांच्या शाही अकादमीत त्याला प्राण्यांचा चित्रकार म्हणून प्रवेश मिळाला, आणि त्या प्रवेशासाठी त्याने दिलेले चित्र हेच.

हा मुद्दा निसटू देऊ नये. हे चित्र घराच्या भिंतीसाठी, बायकोसाठी किंवा एखाद्या मित्राला भेट देण्यासाठी रंगवलेले नाही. ती एका अर्थाने परीक्षेची उत्तरपत्रिका आहे. परीक्षक म्हणजे अकादमीचे सभासद, आणि ही अकादमी १६४८ मध्ये स्थापन झाली तीच मुळी चित्रकारांना रंगारी व मूर्तिकारांच्या जुन्या व्यवसायसंघापासून वेगळे काढण्यासाठी. आम्ही हाताने राबणारे कारागीर नाही, डोक्याने काम करणारे कलावंत आहोत, हा त्यांचा दावा होता. त्यामुळे आत्मचित्रात कुंचला न दाखवण्यामागे लाज होती असे समजू नये. ते रिवाजाला धरूनच होते. निकोला पुसँ या फ्रेंच चित्रकाराने १६५० मध्ये रंगवलेले आत्मचित्र लूव्रमध्येच आहे. त्यात तो कॅनव्हासांच्या चौकटींपुढे उभा आहे, हाताखाली कागदांचे बासन आहे, पण रंगाने माखलेले काही नाही. देपोर्त त्याच्या एक पाऊल पुढे गेला. त्याने चित्रशाळाच सोडली आणि तो मोकळ्या रानात जाऊन बसला.

त्याच अकादमीत चित्रविषयांची एक उतरंड ठरलेली होती. कलेवर लिहिणाऱ्या आंद्रे फेलिबियाँ याने १६६० च्या दशकात ती लिहून ठेवली. नुसती फळे, फुले, शंखशिंपले रंगवणारा खाली. निसर्गदृश्ये रंगवणारा त्याच्या वर. जिवंत प्राणी रंगवणारा हा निर्जीव, निश्चल वस्तू रंगवणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ. माणूस रंगवणारा त्याहून श्रेष्ठ. आणि सर्वांच्या वर पुराणे व इतिहास यांतले प्रसंग रंगवणारा. ही उतरंड मनात ठेवून चित्राकडे पुन्हा पाहा. खाली मेलेली पाखरे आणि ससा, म्हणजे निर्जीव वस्तू. त्यांच्या बाजूला जिवंत कुत्रे. मागे झाडी आणि आकाश. मध्ये माणूस. एकाच कॅनव्हासवर तो तळाच्या पायरीपासून वर चढत आला आहे आणि इतिहासचित्राच्या दाराशी थांबला आहे. सभासदांना तो सांगतो आहे की मला प्राण्यांचा चित्रकार म्हणून खालच्या पंगतीला बसवा, हरकत नाही. पण चेहराही मला येतो, हात येतो, रेशीम येते आणि झाडही येते. चित्र जवळजवळ दोन मीटर उंच आहे, तेही उगाच नाही. एवढा आकार साधारणपणे मोठ्या लोकांच्या व्यक्तिचित्रांसाठी राखलेला असे.

आता शिकाऱ्याच्या वेशाकडे येऊ. जन्माने शेतकऱ्याचा मुलगा आणि हातात बंदूक, हे १६६९ च्या फतव्यासमोर जरा धाडसाचेच. उघड्या रानात, मारलेल्या सशाशेजारी बसलेला सामान्य कुळातला माणूस आणि चोरून शिकार करणारा माणूस यांच्यात चित्रात फरक दिसतो तो कशाने? तो बसण्याने. चोरून शिकार करणारा कधी बसत नाही. तो वाकलेला असतो, पळत असतो किंवा सावज अंगरख्यात लपवत असतो. देपोर्त ऐसपैस बसला आहे. त्याचे लांब कुरळे केस दरबारी रिवाजाचे आहेत, बंदूक नेम धरण्यासाठी उचललेली नाही, ती नुसती हाताशी आहे, आणि एक हलक्या रंगाचा ग्रेहाउंड मान वर करून त्याच्याकडे पाहतो आहे. त्या कुत्र्याची नजर मला या चित्रातला सर्वांत धूर्त तपशील वाटते. माणसाची पायरी माणसाने सांगितली तर ती फुशारकी ठरते. कुत्र्याने सांगितली तर त्याच्याशी वाद कोण घालणार?

तरीही त्याने हात आखडता घेतला आहे, आणि प्रश्नकर्त्याने याकडे विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. फ्रेंच दरबाराची खरी थोर शिकार म्हणजे घोड्यांवरून आणि कुत्र्यांच्या टोळीने पाठलाग करून केलेली मोठ्या शिंगांच्या हरणाची शिकार. देपोर्तच्या पुढ्यात असे हरीण नाही, रानडुकराचे मुंडके नाही, शिंग फुंकणारे सेवक नाहीत, घोडा नाही. आहे ती पाखरे आणि ससा, म्हणजे बंदुकीने एकट्यादुकट्याने केलेली लहान शिकार. सावज उचलायला नोकरही नाही; मालक तोच आणि नोकरही तोच. सरदाराचा संपूर्ण सरंजाम अंगावर चढवला असता तर सभासद हसले असते. त्याने तेवढेच उसने घेतले जेवढे त्याला शोभेल, आणि व्यक्तिचित्रात हे माप साधणे फार अवघड असते.

या बाबतीत मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. फार वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी आजोबांची बंदूक हातात घेऊन आपले व्यक्तिचित्र काढून मागितले. त्यांनी बंदूक कधी चालवली नव्हती. बसवले तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी, छत्री धरावी तशी, मांडीवर आडवी घट्ट धरली. मी प्रामाणिकपणे जसे दिसले तसे रंगवले. चेहरा हुबेहूब उतरला, कपडे उत्तम उतरले, आणि चित्र पाहून घरातल्या लहान मुलानेच विचारले, ‘‘बाबा घाबरलेत का?’’ ते चित्र भिंतीवर कधी लागले नाही. वस्तू कोणती आहे यापेक्षा ती कशी धरली आहे यातून माणसाची ओळख बाहेर पडते, हे मी त्या दिवशी शिकलो. देपोर्तचा हात बंदुकीवर जसा पडला आहे तो सवयीचा हात आहे. तो शिकार करत असे का, या प्रश्नाचे चित्रातले उत्तर मला त्या हातात मिळते.

इथे आत्मचित्राची एक खास अडचणही सांगितली पाहिजे, कारण ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. आरशात पाहून स्वतःला रंगवताना चेहरा स्थिर ठेवता येतो, पण रंगवणारा हात सतत हलत असतो. म्हणून असंख्य आत्मचित्रांत तो हात सावलीत ढकललेला, घाईत उरकलेला किंवा चौकटीबाहेर टाकलेला दिसतो. बंदूक धरलेले हात रंगवायचे तर ते दुसऱ्या कोणाला बसवून किंवा आधी केलेल्या अभ्यासांवरूनच रंगवावे लागतात, कारण एकाच वेळी बंदूक आणि कुंचला धरायला माणसाला हात पुरत नाहीत. म्हणजे शिकारी आत्मचित्र हे आरशातले प्रतिबिंब नसतेच. ते जुळवून रचलेले असते.

मेलेल्या पाखरांचेही तसेच. विद्यार्थ्यांना मी बाजारातून आणलेला कोंबडा खिळ्याला पायांनी टांगून रंगवायला देत असे. पहिल्या तासाला सगळे खूश असतात. मग मान जड होऊन आणखी खाली येते, डोळा आत ओढला जातो, पंख पूर्वी जिथे होता तिथे राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वासाने वर्गच रिकामा होतो. पिसांचा रंग मात्र टिकतो. मानेवरची बारीक पिसे एका बाजूने पाहिली तर हिरवी, दुसऱ्या बाजूने काळी, आणि ती प्रत्येक वेगळी रंगवायला गेले की कोंबड्याचे खवले मांजर होते. जाणकार हात आधी सबंध मानेचा गोल छायाप्रकाशात उभा करतो आणि मग मोजक्या चार-सहा पिसांच्या कडा उजेडात उचलतो. बाकीची पिसे पाहणाऱ्याचा डोळा आपणहून भरून घेतो. सशाची लव याच्या उलट: तिथे कडाच ठेवायची नसते, ओल्या रंगात कोरडा कुंचला हलकेच ओढून ती पुसट करायची असते. देपोर्तकडे अशा अभ्यासांचा मोठा साठा होता. प्राणी, पक्षी, झाडे आणि उघड्यावर बसून केलेली निसर्गदृश्ये तो तैलरंगात कागदावर टिपून ठेवत असे. त्याच्या मृत्यूनंतर एकेचाळीस वर्षांनी, १७८४ मध्ये, हा साठा सेव्रच्या चिनी मातीच्या कारखान्यासाठी विकत घेतला गेला. ज्या माणसाने स्वतःला बंदुकीसह रंगवले त्याची खरी कमाई म्हणजे हे कागद.

म्हणून मी सुरुवातीला म्हटले की बडेजाव पिसांत आहे. सभासदांपैकी कोणाला देपोर्तच्या नेमबाजीशी कर्तव्य नव्हते. चित्रात मारलेले प्रत्येक पाखरू त्याने दोनदा मिळवले आहे: एकदा रानात, असे तो आपल्याला सांगतो, आणि एकदा कॅनव्हासवर, हे आपल्याला दिसते. पहिल्या मिळकतीवर विश्वास ठेवायचा की नाही हे पाहणाऱ्यावर सोडले आहे. दुसरी नाकारता येत नाही.

हीच गोष्ट साठ वर्षे आधी हॉलंडमध्ये रेम्ब्राँने अधिक उघडपणे केली होती. ड्रेसडेनच्या संग्रहालयात त्याचे १६३९ सालचे चित्र आहे. पिसाची टोपी घातलेला रेम्ब्राँ एक मेलेला बिटर्न, म्हणजे बगळ्याच्या कुळातला एक पक्षी, पायांनी धरून आपल्यापुढे उंच करतो आहे. हॉलंडमध्येही शिकार हा खानदानी लोकांचा हक्क समजला जाई, आणि रेम्ब्राँ लायडनच्या एका गिरणीवाल्याचा मुलगा. त्याच वर्षी त्याने ॲम्स्टरडॅममध्ये तेरा हजार गिल्डरांचे मोठे घर घेतले होते, तेव्हा वरच्या पायरीची ओढ त्याला नव्हती असे म्हणवत नाही. पण चित्रात प्रकाश कुठे पडला आहे ते पाहा. सगळा उजेड पक्ष्याच्या पोटाखालच्या आणि पंखांच्या मऊ, तपकिरी-पिवळ्या पिसांवर आहे. चित्रकाराचा चेहरा टोपीच्या सावलीत मागे गेला आहे. सही त्याने स्वतःच्या आकृतीजवळ केलेली नाही, तर आकडा लावलेल्या लाकडी खांबावर केली आहे. आत्मचित्र असूनही ‘मी’ मागे आणि माझ्या हाताने केलेले काम पुढे. देपोर्तला हे चित्र माहीत होते असा दावा मी करत नाही, तशी गरजही नाही. समाजातल्या आपल्या जागेचा एकच पेच दोघांनाही पडला होता, आणि शिकारीत मिळालेले पाखरू हे दोघांनाही सोयीचे उत्तर वाटले.

क्रांतीनंतर हा पेचच बदलला. १८४४ च्या फ्रेंच कायद्याने पंचवीस फ्रँकचा परवाना घेतला की शिकार करता येऊ लागली, म्हणजे कुळाची जागा पैशाने घेतली. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कूर्बेचे १८५७ च्या प्रदर्शनात लागलेले, आता बोस्टनमध्ये असलेले शिकारीचे चित्र त्या काळातले आहे. झाडाला टांगलेले हरीण, लाल बंडीतला शिंग फुंकणारा पोऱ्या, दोन कुत्रे, आणि मागे सावलीत झाडाला टेकून उभा असलेला शिकारी. हा शिकारी म्हणजे कूर्बे स्वतः, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याला काही सिद्ध करायचे नाही. तो आपल्याकडे पाहत नाही, हरणाकडेही पाहत नाही. देपोर्तच्या चित्रात जो ताण आहे तो इथे नाही, आणि म्हणूनच कदाचित हे चित्र मला अधिक उदास वाटते. पायरीचा प्रश्न निघून गेल्यावर मेलेले जनावर पुन्हा नुसते मेलेले जनावर होते.

आता राहिलेला भाग, म्हणजे हे सोंग होते का. सोंग हा शब्द मला कडक वाटतो. अकादमीत शिरताना देपोर्तने पुढच्या आयुष्यात आपण कुठे असावे याचे चित्र आगाऊ रंगवून ठेवले, असे मी म्हणेन, आणि ते बऱ्याच अंशी खरे ठरले. १७०२ मध्ये राजाच्या मार्ली येथील महालासाठी त्याने लुईच्या लाडक्या शिकारी कुत्र्यांची चित्रे काढली. बॉन, नॉन आणि पॉन या तीन कुत्र्या तितरांसमोर दबा धरून उभ्या आहेत आणि प्रत्येकीचे नाव सोनेरी अक्षरांत लिहिले आहे. सरदारांच्या व्यक्तिचित्रांवरही इतके आदराने नाव क्वचितच घातले जात असेल. १७०४ मध्ये तो अकादमीचा सल्लागार सभासद झाला, आणि राजकृपेने त्याला लूव्रमध्ये राहायला जागा मिळाली.

त्याच्या मुलाने, क्लोद-फ्रान्स्वाने, १७४८ मध्ये अकादमीपुढे वडिलांचे चरित्र वाचले. राजाच्या शिकारीत देपोर्त बरोबर असे, ही परंपरेने चालत आलेली हकिकत आहे; पण तिथे तो जात असे तो खिशात एक लहानशी वही घेऊन. कुत्रे सावजापुढे थबकले की तो त्यांच्या उभ्या राहण्याच्या तऱ्हा भराभर पेन्सिलीने टिपून घेई, आणि त्यातली कोणती मोठ्या चित्रात घ्यायची हे नंतर राजा निवडत असे.